दातारकाकांचे बटाटे

ऊन पडलं की दातारकाकांचा फोन यायचा. "केतकी, ऊन आलंय. निघ." एवढं बोलून फोन बंद, कारण त्यांना अजून दहा-बारा जणांना कळवायचं असायचं. लंडनच्या हॅरोतलं नोव्हेंबरचं ऊन ते. मोजे चढवून दाराशी पोचेपर्यंत ते वॉटफर्डकडे सरकलेलं असायचं. आमच्या गल्लीतल्या समीरला तर त्यांनी भर मीटिंगमध्ये फोन केला होता. नागपूरला घरी काही झालं की काय, या धसक्याने तो धावत बाहेर आला. "आता आलाच आहेस बाहेर, तर पाच मिनिटं उभा राहा," काका शांतपणे म्हणाले.

हल्ली मी कार्डिफला असते. इथे ऊन आणखी कमी, आणि आलं तरी कोणी कळवत नाही.

काकांनी जन्मभर लोकांच्या घरचे, घर गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त केले. रिटायर झाल्यावर मराठी मंडळींचे फुकट बघायला लागले. पांढरी मिशी, घरातसुद्धा डोक्यावर लोकरी टोपी. कोणाकडेही गेले की आधी रेडिएटरला हात लावायचे, मग माणसाला नमस्कार. "प्रेशर किती आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नवीन माणूस गोंधळून आपलं ब्लडप्रेशर सांगायचा. "तुमचं नाही हो, बॉयलरचं. तुमचं नंतर बघू."

आणि खरंच नंतर बघायचे. काम संपलं की चहा घेत विचारायचे, झोप लागते का, जेवण नीट होतं का, दिवसभरात बोलता कोणाशी. "बरं चाललंय" हे उत्तर त्यांना चालायचं नाही. "बॉयलर बंद पडायच्या आधी महिनाभर कुरकुरत असतो," ते म्हणायचे. "लोक काय करतात? टीव्हीचा आवाज वाढवतात."

माझी मुलगी दोन महिन्यांची होती तेव्हा मीही आवाज वाढवूनच बसले होते. नवरा सकाळी ट्रेनने ऑफिसला गेला की घरात बाळ आणि मी. पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला की केस विंचरून हसायचं, आणि फोन ठेवला की सिंकपाशी उभं राहून रडायचं. बाळाला घ्यायलाही हात उचलवायचा नाही. हे कोणाला सांगणार? सगळे तर अभिनंदन करत होते.

त्या दिवशी काका आले. बॉयलर ठणठणीत होता. त्यांनी विचारलं, "आणि तू?" मी म्हटलं, बरी आहे. मग जे रडू आलं ते थांबेचना. काकांनी उपदेश केला नाही. टोपी सावरली, बाळाला खांद्यावर घेतलं आणि माझं आवरेपर्यंत स्वयंपाकघरात फेऱ्या मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, फोन लागतो त्या वेळेला, ते पुन्हा हजर. फोनच्या रांगेत आमचा नंबर एकविसावा लागला. काका शेजारी टोस्ट खात बसले आणि स्टेशनांची नावं पुकारावीत तसं सांगत राहिले, "एकोणीस. सरकतंय. सतरा." अपॉइंटमेंट मिळाली तेव्हा ते माझ्यापेक्षा जास्त खूश झाले. पुढे औषध आणि समुपदेशकाशी बोलणं, दोन्हींच्या आधाराने मी हळूहळू वर आले. त्याच संध्याकाळी नवऱ्यालाही सगळं सांगितलं होतं, तेही काकांनीच बजावलं म्हणून.

त्यानंतर त्यांनी मनावरच घेतलं. तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये बोर्ड लावला: 'मानसिक आरोग्य: मोकळेपणाने बोला. रविवारी दुपारी दोन.' आले चौघे. स्वतः काका, मी, किल्ली जिच्याकडे असते ती सेक्रेटरी माया आणि बॅडमिंटन समजून चुकून आलेले एक गृहस्थ. बाकीच्यांचं म्हणणं, आपल्यात असलं काही नसतं. आणि असलंच, तरी त्या खोलीत शिरताना कोणी बघितलं तर?

दोन आठवडे गेले. मग नवीन बोर्ड लागला: 'बटाटेवड्यांसाठी मदत हवी. सोलता येणं पुरेसं.'

त्या रविवारी खुर्च्या कमी पडल्या.

लांब टेबलावर उकडलेल्या बटाट्यांचा ढीग, वाफा निघत असलेला. सगळे सोलायला बसले. नजर बटाट्यावर, एकमेकांकडे कोणी बघत नव्हतं. काकांना हवं होतं ते हेच असावं. बोटं भाजत असताना माणसाला तोंडावरचं हसू सांभाळता येत नाही. आधी हवेच्या गप्पा झाल्या, मग व्हिसाच्या. मग समीर, खाली मान घालून, म्हणाला की गेला महिनाभर तो रोज ऑफिसच्या दोन स्टेशनं आधी उतरतोय. प्लॅटफॉर्मवर बसून राहतो. पुढच्या ट्रेनमध्ये चढायला पाय उचलत नाही.

काकांनी त्याच्यापुढे आणखी चार बटाटे ठेवले आणि म्हणाले, "सोल. सांग पुढे."

त्यानंतर महिन्यातला एक रविवार बटाट्यांचा झाला. वडे कधी खारट, कधी कच्चे. पण समीर डॉक्टरकडे गेला, थोडी रजा घेतली, आणि पुढे ट्रेनमध्ये चढायला लागला. सोमवारी सकाळी आठला काका कोणाच्या ना कोणाच्या शेजारी टोस्ट खात बसलेले असायचे.

हे सगळं दोन वर्षं चाललं. मग एका रविवारी मायाने विचारलं. माया तिकडेच जन्मलेली, शाळेत मॅथ्स शिकवते, तिचं मराठी कामापुरतं. ती सहजच म्हणाली, "काका, सगळ्यांचा गोष्ट तुम्ही ऐकता. तुमचा गोष्ट कोण ऐकतो?"

कोणी तिचं मराठी सुधारलं नाही. काका हातातला बटाटा नुसता फिरवत राहिले.

काकू गेल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. आम्ही कोणीच त्यांना नीट ओळखत नव्हतो. त्यांना मायग्रेन होतं, त्या बाहेर पडत नसत, एवढंच ऐकून होतो.

"मायग्रेन नव्हतं," काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. इथे आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात तिचं बोलणं कमी झालं. मग केस विंचरणं सुटलं. मग ती दिवसचे दिवस पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. लोकांनी विचारलं की ते मायग्रेन सांगायचे. डॉक्टरलाही तेच सांगितलं. लोक काय म्हणतील, याची भीती. पुढे ती थोडी सावरली, घरातलं करायची, पण पहिल्यासारखी कधीच झाली नाही. शेवटी हृदयाचं दुखणं झालं आणि गेली.

"दिवसाला सहा-सहा घरचे बॉयलर उघडून बघत होतो मी," ते म्हणाले. "शैलाला एकदा विचारलं नाही."

आम्ही आजवर त्यांच्या तोंडून 'ही' आणि 'हिला' एवढंच ऐकलं होतं. काकूंचं नाव शैला, हे त्या दिवशी कळलं. कढईत तेल तापलं होतं. मायाने उठून गॅस बंद केला. समीर आपली खुर्ची ओढत काकांच्या शेजारी येऊन बसला.

मी विचारलं, "कशा होत्या हो शैलाकाकू?"

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हसायची फार," ते म्हणाले. "आधी."

आणि मग ते सांगायला लागले.