भाऊ सुर्व्यांचे रंगीत फासे

भाऊ सुर्व्यांच्या अंगणात कोणी पाऊल टाकलं, की ते आधी त्याच्या नाकावर खोबरेल तेल चोपडलेला चष्मा चढवतात. मग सारवलेल्या जमिनीवर एक फासा टाकून दरडावतात, "किती ठिपके? बोल!"

मी शेजारी, म्हणजे माझी रोजचीच परीक्षा. चुकलो की भाऊ माझ्यावर नाही, फाशावर चिडतात. "मुका आहे मेला! रंग बोलायला हवा."

भाऊंची उभी हयात बोटी रंगवण्यात गेली. आता घरी बसून ते रेझिनचे फासे ओततात. रेझिनमध्ये रंग ढवळायचा, साच्यात ओतायचा, घट्ट झाला की घासायचा आणि ठिपक्यांत दुसरा रंग भरायचा. रंगांची नावंही त्यांचीच: आमसुली, ओल्या जांभ्याचा, बांगड्याच्या पाठीचा. मला वाटलं, म्हातारा धंदा काढतोय. एक विकत मागितला, तर म्हणाले, "चल हट! विकायचे नाहीत हे."

"मग कोणासाठी एवढा उपद्व्याप?" मी वैतागून विचारलं.

भाऊंनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "हिच्यासाठी रे," ते हळूच म्हणाले.

लग्न झाल्यापासून भाऊ आणि काकी तिन्हीसांजेला पडवीत लुडो खेळायचे. हल्ली काकी म्हणतात, "कंटाळा आला त्या खेळाचा." कंटाळा कसला! डोळे अधू झालेत. पण कबूल करतील तर त्या काकी कसल्या?

"मग मोठे फासे करा की."

"लगेच ओळखेल ती. कीव केली म्हणून पट चुलीत घालेल. आकार तोच हवा. काय करायचं ते रंगानंच."

शेवटी आमसुलीवर लालभडक ठिपके पास झाले. भाऊ खूश! तेवढ्यात मला सुचलं, "भाऊ, आपण बघतो अंगणात, भर उन्हात. काकी बसतात पडवीत, तिन्हीसांजेला." भाऊंनी कपाळावर हात मारला. जन्म रंगात गेला आणि एवढं कळू नये! पडवीत तो फासा नुसता काळा ठिक्कर दिसत होता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

काल काळ्यावर पिवळे ठिपके असलेला फासा घेऊन भाऊंनी पट मांडला. "एकच डाव गो," म्हणाले. मला शेजारी बसवलं. काकी नाइलाजानं खेळायला बसल्या. दोघांच्या सोंगट्या पटावर आल्या आणि काकींनी पुन्हा फासा टाकला. पडले चार.

"सहा!" काकी ओरडल्या.

मी भाऊंकडे पाहिलं. हा माणूस मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात एका बांगड्यासाठी भांडून गाव गोळा करतो. त्यानं मुकाट्यानं काकींची सोंगटी सहा घरं सरकवली आणि तिथं बसलेली आपली सोंगटी उचलून बाहेर ठेवली.

"मेली तुमची!" काकी टाळी वाजवून हसल्या. "आणि पुन्हा खेळी माझीच!"

कितीतरी दिवसांनी त्यांचं हसू ऐकलं.

भाऊंनी फासा काकींच्या हातात दिला आणि माझ्या कानाशी वाकले. "पिवळा अजून उजळ करूया. उद्या लवकर ये."