देवमाशाच्या हाडांवर केळी

मी नरहरी मास्तर. सांडोरच्या प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे असताना मी असा बेत आखला की तसा अख्ख्या वसई तालुक्यात कुणी आखला नसेल. पुढेही कुणी आखू नये म्हणून तर हे सांगतोय.

बेत होता दिवाळीनंतरची सगळी सहामाही आदिजीवनावर काढायची! गणितात काय, तर केसाळ हत्तीला पेंढा किती लागेल. निबंध, 'आमची गुहा'. कवायतीच्या तासाला दगडाची हत्यारं घासायची. पोरं खूश, मी त्यांच्याहून खूश.

आमचे हेडमास्तर बर्नार्ड गुरुजी मात्र चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "नरहरी, सहामाही संपताना तपासणीला साहेब यायचे आहेत. त्यांना मूलोद्योग लागतो. टकळी, सूत, भाजीचे वाफे. तुझ्या हत्तीचं सूत निघतं का?"

"गुरुजी, साहेब बघतच राहतील."

"बघतील, आणि तुला मोखाड्याला धाडतील."

मोखाड्याच्या डोंगराला मी भ्यायचो, ते आमच्या प्रमोदिनीमुळे. तिचं माहेर विरारला. लग्न झाल्या झाल्याच तिनं बजावलं होतं, "रविवारी आईकडे जाता येईल तिथंच मी संसार करणार. डोंगरात बदली झाली तर तुम्ही एकटे जा आणि हातानं भाकऱ्या थापून खा." आणि प्रमोदिनी बोलते तसं करते.

तेव्हा साहेबांचे डोळे दिपवणं भागच होतं. मी ठरवलं, त्यांच्यासमोर पोरांकडून उत्खनन करवायचं. कळंबच्या किनाऱ्यावर मागे एक मेलेला देवमासा लागला होता, त्याची हाडं वाळूत पडून होती. ती मागायला गेलो तर तिथली मासेवाली मथुराबाई म्हणाली, "न्या की मास्तर. पन येवढी हाडं कशाला? रस्सा करनार काय?"

बैलगाडीतून हाडं आणली. कळंबपासून सांडोरपर्यंत वाटेतला प्रत्येक कुत्रा गाडीमागे चालत आला. गुरुजींनी ऑफिसची खिडकी लावून घेतली ती उघडलीच नाही.

तपासणी सोमवारी होती. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी मागच्या अंगणात रांगेनं खड्डे खणले. एकात डोकं, दुसऱ्यात मान, मग पोट, शेवटी शेपूट. प्राणी आडवा झोपलेला दिसला पाहिजे! हाडं पुरली, माती लोटली, वर पाणी मारलं.

कुंपणापलीकडे काशिनाथदादांची केळीची बाग. ते मघापासून कंबरेवर हात ठेवून बघत होते.

"मास्तर, अंतर अगदी बरोबर ठेवलंत," ते म्हणाले.

"शास्त्राप्रमाणे आहे, दादा."

"आणि खाली हाडं घातलीत. तुम्हाला यातलं एवढं कळत असेल असं वाटलं नव्हतं."

"मग! सहामाहीभर अभ्यास केलाय," असं म्हणून मी छाती फुगवली आणि प्रमोदिनीला घेऊन विरारला गेलो.

सोमवारी शाळेत येतो तर साहेब आधीच हजर. त्यांना आणि वर्गाला घेऊन मी मोठ्या दिमाखात मागे गेलो आणि बघतो तर काय! डोक्यावर, मानेवर, पोटावर, शेपटीवर केळीची कोवळी रोपं उभी होती. छान आळी करून पाणीसुद्धा घातलेलं!

कुंपणावरून काशिनाथदादा म्हणाले, "नुसतं खत पुरून गेलात हो विरारला. मला काही राहवेना. काल माझ्या बागेतले मुनवे काढून लावले. आणि अख्खी हाडं लागू पडत नाहीत, म्हणून कुऱ्हाडीनं फोडून बारीक केली. असू दे, आभार कसले मानताय!"

मला रडू फुटायचं बाकी होतं. पण दोष त्यांचा नव्हता. सांडोरात ओळीनं खड्डे आणि तळाशी हाडं दिसली की त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. कळला नव्हता तो एकट्या मला.

साहेबांनी पहिल्या रांगेतल्या फ्लॉसीला विचारलं, "बाळ, या केळीखाली काय आहे?"

"हाडं."

"कुणाची?"

"लाखो वर्षांमागच्या प्राण्याची," फ्लॉसीनं मी पढवलेलं चोख सांगितलं. मी डोळे मिटले. डोळ्यांसमोर मोखाड्याचा डोंगर आला.

"त्यांचा उपयोग काय?"

हे काही मी शिकवलं नव्हतं. पण फ्लॉसीच्या घरचीही केळीचीच बाग. "त्यानं केळीला घड मोठा येतो," ती म्हणाली.

"कुणी शिकवलं हे?"

साऱ्या वर्गानं माझ्याकडे बोट केलं.

साहेब गहिवरले. "आदिजीवनापासून थेट केळीच्या बागेपर्यंत! गुरुजी, याला म्हणतात मूलोद्योग!" बर्नार्ड गुरुजींचा चष्मा कपाळावरून घसरून नाकावर आला. माझा जीव भांड्यात पडला. प्रमोदिनी, तुझा रविवार वाचला, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

तेवढ्यात साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असा शिक्षक इथं वाया घालवायचा नाही. इथं काय, न शिकवताही केळी येतात. मोखाड्याला आम्ही बागेची शाळा काढतोय. तिचे हेडमास्तर तुम्ही."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात काशिनाथदादांनी.

घरी येऊन मी प्रमोदिनीला बढतीचंच तेवढं आधी सांगितलं. गावाचं नाव सगळ्यात शेवटी, आणि तेही जरा हळू. ती आत गेली, परात आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

"या हेडमास्तर," ती म्हणाली, "पीठ मळायला बसा."