बोट आठशिवाय हलत न्हाय

गाडी वेळेत सुटणं हवामानावर नसतं, सोडणाऱ्याच्या दमावर असतं, असं विजयसिंह खराडे यांचं ठाम मत होतं. हे मत कोल्हापूरच्या स्टँडावरच्या कँटीनपासून त्यांच्या गल्लीतल्या तालमीपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होतं. माणूस एसटीत चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक. घाटात दरड कोसळो, नाहीतर पंचगंगा रस्त्यावर येवो, विजयसिंह माइकवर नुसते खाकरले तरी निम्म्या प्रवाशांच्या जिवात जीव यायचा आणि उरलेले निम्मे गाडीकडं पळत सुटायचे.

या चौतीस वर्षांत त्यांनी हजारो गाड्या सोडल्या, पण बायकोला घेऊन एकीतही बसले नाहीत. लग्नात त्यांनी वर्षाराणीबाईंना समुद्र दाखवायचा शब्द दिला होता. दिवाळी आली की जादा गाड्या, उन्हाळा आला की लग्नसराई, मग जत्रा, मग पुन्हा दिवाळी. एकतीस वर्षं गेली. बाईंनी तो शब्द कधी उकरून काढला नाही. टीव्हीवर समुद्र दिसला की मात्र त्या हातातली भाजी खाली ठेवून बघत बसायच्या. ते विजयसिंहांना टोमण्यापेक्षा जास्त लागायचं.

म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी एकदम मोठाच हात मारला. मुंबईहून निघणारी, गोव्याला थांबणारी आणि तीन रात्रींनी परत मुंबईला आणून सोडणारी अकरा मजली क्रूझ! शुक्रवारी दुपारी चारला सुटणार. निघायच्या आदल्या दिवशी स्टँडावरच्या जुन्या मंडळींनी दोघांना हार घातले. समुद्रात कुठंतरी वादळ उठलंय, बातम्यांत दाखवत होते, असं पिराजी ड्रायव्हरनं भीत भीत सुचवलं. चोवीस वर्षं विजयसिंहांच्या हाताखाली गाडी चालवलेला माणूस तो, भिणारच.

"चारची बोट चारला सुटणार," विजयसिंह म्हणाले. "मी हाय की तिथं."

शुक्रवारी दुपारी एक वाजता दोघं मुंबई बंदरातल्या प्रतीक्षागृहात हजर झाले. बॅगा काउंटरवरून थेट बोटीवर रवाना झाल्या. बाईंनी नवं पैठणी काठाचं लुगडं नेसून काचेजवळची खुर्ची धरली. बोट मात्र जागेवर नव्हती. ती तीन वाजता आली, धक्क्याला लागली आणि तशीच राहिली. चार वाजले, साडेचार वाजले. मग फळ्यावर अक्षरं उमटली: खराब हवामानामुळे विलंब, पुढील सूचना सहा वाजता.

विजयसिंहांच्या अंगात चौतीस वर्षांची नोकरी संचारली. त्यांनी काउंटरवरच्या मुलीला गाठलं. तिच्या कोटावरच्या बिल्ल्यावर ऋता असं नाव होतं, आणि सकाळपासून तिनं हेच तीनशे जणांना सांगितलं असावं, पण तिनं यांनाही नीट समजावलं. बाहेर समुद्र खवळलाय, त्यामुळं मागच्या फेरीहून बोट हळूहळू आणावी लागली. आता वारा तिला धक्क्यावरच दाबून धरतोय. अकरा मजल्यांची भिंत ती, वाऱ्याला आयतीच सापडते. शिवाय बंदरातून बोट बाहेर काढायला बंदराचा स्वतःचा पायलट चढतो. बाहेर गेल्यावर त्याला दोराच्या शिडीनं छोट्या होडीत उतरावं लागतं. एवढ्या लाटांत त्याला उतरवायचं कसं?

विजयसिंहांनी हे सगळं ऐकून त्याचं एसटीत भाषांतर केलं. "म्हंजे ड्रायव्हर आलेला न्हाय."

कॅप्टन आत आहेत, असं ऋता म्हणाली.

"ड्रायव्हर आत आणि गाडी उभी? आमच्यात याला मेमो देत्यात."

ऋतानं मेमोचा विषय सोडून दिला आणि एकच गोष्ट दोनदा बजावली. वारा पडला की बंदर थोडाच वेळ मोकळीक देतं. तेवढ्यात सगळ्यांना चढवून निघावं लागतं. तेव्हा कुणी लांब जाऊ नका.

लांब न जाण्याचा सल्ला विजयसिंहांनी आजवर लाखभर प्रवाशांना दिला असेल. तो आपल्यालाही लागू होतो, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही.

शेजारी वारणानगरची बारा माणसं बसली होती. दूध संघातून रिटायर झालेली मंडळी, त्यांच्या बायका, आणि सगळ्यांची म्होरकी चिमणाबाई नावाची सत्तरीची म्हातारी. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. प्रतीक्षागृहात मिळणारा गार सँडविच बघून चिमणाबाईंनी तो जनावराला तरी घालता येईल का, अशी चौकशी केली होती. एसटीतला मोठा साहेब शेजारी आहे म्हटल्यावर सगळे विजयसिंहांभोवती गोळा झाले. साहेब, बोट कवा सुटंल?

असा प्रश्न कुणी विचारून सहा महिने झाले होते. विजयसिंह उभे राहिले, खाकरले.

"सहाला सांगतो म्हणाल्यात न्हवं? मग बोट आठशिवाय हलत न्हाय. मी सवता चौतीस वर्षं असंच सांगत आलोय."

शिवाय खाली उतरलेला प्रवासी परत चढल्याशिवाय गाडी सुटत नाही, मोजदाद होते, हा नियम त्यांनी सगळ्यांना समजावून दिला. आपली तर बॅग वर गेली आहे. बॅग तिथं प्रवासी. बाहेर जवळच एक खानावळ त्यांनी येताना हेरून ठेवली होती. निवांत जेवून येऊ.

बारा माणसं निघाली. वर्षाराणीबाई हलल्या नाहीत.

"अगं, चल की. आठशिवाय हलत न्हाय."

"तुमी जावा," बाई काचेतून बोटीकडं बघत म्हणाल्या. "मी बसतो हितंच."

विजयसिंहांनी बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर आपला रुमाल टाकून जागा धरली आणि निर्धास्त बाहेर पडले.

खानावळ जवळ म्हणजे चांगली अर्ध्या तासाची निघाली, कारण मुंबईतलं जवळ आणि कोल्हापुरातलं जवळ यांत फरक असतो. तेरा ताटं आली. विजयसिंहांनी दरड कोसळली तेव्हा बावीस गाड्या कशा फिरवल्या याची गोष्ट सुरू केली. ती सतराव्या गाडीपर्यंत आली तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात फोन वाजला. बाईंचा होता. दार उघडलंय, माणसं पळत चढत्यात, लगेच या म्हणत्यात.

"अगं, ते गर्दी हलवायला तसं सांगायचं असतं," विजयसिंह म्हणाले. "मला शिकवू नगंस."

फोन ठेवला. चिमणाबाई भाकरीचा तुकडा हातात धरून त्यांच्याकडं बघत होत्या.

"कोण व्हती? मालकीण?"

विजयसिंहांनी काय झालं ते हसत हसत सांगितलं. चिमणाबाई हसल्या नाहीत. त्यांनी तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाल्या, "जी बाई एक शब्द जादा बोलत न्हाय ती उगंच फोन करंल व्हय? उठा रं." बाराही माणसं हात न धुता उठली. विजयसिंहांनी त्यांना हटकलं, समजावलं, शेवटी तासभर उभं राहून पाय दुखले की माझी आठवण येईल असा शापही दिला. कुणी मागं वळून बघितलं नाही. आता त्यांच्या मागं पळणं म्हणजे चौतीस वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडणं! विजयसिंहांनी मान ताठ ठेवून आणखी एक वाटी सोलकढी मागवली.

सोलकढी संपली. कुणी परत आलं नाही. विजयसिंह दारात आले. येताना समोरच्या दुकानाची ताडपत्री वाऱ्यानं इतकी फडफडत होती की बोललेलं ऐकू येत नव्हतं. आता ती गप लोंबकळत होती. झाडाचं पान हलत नव्हतं. वारा पडला होता.

मग साहेब पळाले. टॅक्सी मिळाली, ती सिग्नलला अडकली, ती सोडून पुन्हा पळाले. प्रतीक्षागृहात पोचले तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि आत फक्त खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर त्यांचा रुमाल होता. जागा कुणी घेतली नव्हती, एवढं खरं.

"काका, तुमचं नाव चार वेळा पुकारलं," ऋता म्हणाली.

हे ऐकून विजयसिंहांना जे वाटलं ते सांगून कळणार नाही. ज्यानं आयुष्यभर विसरभोळ्या प्रवाशांची नावं पुकारली, त्याचं नाव भर बंदरात चार वेळा पुकारलं गेलं होतं! मोजदाद झाली का, त्यांनी विचारलं. झाली, एक कमी भरला, सातला दार बंद केलं, बंदरानं दिलेली वेळ संपत आली होती. काचेपलीकडं बोट आणि धक्का यांच्यामध्ये पाणी दिसायला लागलं होतं. विजयसिंह काचेच्या कडेकडेनं हात वर करून धावत सुटले. खेड्यापाड्यातल्या रस्त्यावर हात दाखवला की एसटी थांबते. अकरा मजली बोट थांबत नाही, हे त्यांना भिंत आडवी आल्यावर पटलं.

फोन वाजला.

"अवो, कुठं हायसा?"

"खाली."

"मी वर हाय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला होता. मालकांशिवाय चढत नाही म्हणून त्या दारातच अडून बसल्या होत्या. शेवटी धापा टाकत आलेल्या चिमणाबाईंनी, एकतीस वर्षं थांबलीस, आनि किती थांबतीस, म्हणून हाताला धरून वर ओढलं होतं. "आता काय करू? उतरू?"

शिडी निघालेली विजयसिंहांना दिसत होती. पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या दमाची लाज वाटली.

"उतरू नगंस," ते म्हणाले. "समुद्र बघ. नीट बघ. मी गोव्यात गाठतो तुला."

ऋतानं फोनाफोनी करून उद्या दुपारी गोव्यात चढायची परवानगी मिळवून दिली. तिनं मेमोचा राग धरला नव्हता. विजयसिंह अंगावरच्या कपड्यांनिशी गोव्याच्या गाडीत बसले, कारण बाकीचे कपडे समुद्रमार्गे निघाले होते. आता मिळालेली गाडी पुण्यावरून जाणारी, म्हणजे वाटेत कोल्हापूर आलंच. सकाळी सातला गाडी त्यांच्याच स्टँडात, त्यांच्याच खिडकीसमोर, वीस मिनिटांसाठी उभी राहिली. विजयसिंहांनी डोक्यावरून रुमाल ओढून घेतला आणि सीटखाली काहीतरी शोधायला लागले.

"पावणं, काय हरवलं काय?" कुणीतरी बाहेरून विचारलं. पिराजीच होता. रिटायर होऊनही सकाळचा चहा त्याला स्टँडावरच लागायचा. रुमाल सरकला. पिराजीनं मोबाइल पुढं केला. बाईंनी रात्रीच बोटीवरून पाठवलेला फोटो स्टँडावरच्या मंडळींच्या ग्रुपवर फिरत होता. वर्षाराणीबाई आणि चिमणाबाई बोटीच्या कठड्याला टेकून उभ्या, मागं दिव्यांचा झगमगाट, डोक्यावर कागदी टोप्या. खाली पिराजीनंच लिहिलं होतं: साहेब फोटो काढत्यात वाटतं.

विजयसिंह काही बोलणार तोच ऋताचा फोन आला. गोव्याच्या बाहेर लाटा फार आहेत, बंदर बोट आत घेत नाही. गोव्याचा थांबा रद्द, बोट समुद्रातच राहून सोमवारी सकाळी थेट मुंबईला परत येईल.

विजयसिंह खाली उतरले. पिराजीनं आधी त्यांना चहा पाजला आणि कप ठेवल्यावर मग तो हसायला लागला, तो नऊच्या गारगोटी गाडीपर्यंत.

सोमवारी संध्याकाळी वारणानगरच्या मंडळींनी वाट वाकडी करून बाईंना स्टँडावर आणून सोडलं. विजयसिंह चारपासूनच येऊन उभे होते. बाई उन्हानं रापल्या होत्या आणि गाडीतून उतरताना काहीतरी आठवून एकट्याच हसत होत्या. एकतीस वर्षांत असं हसताना विजयसिंहांनी त्यांना पाहिलं नव्हतं. ते बघून त्यांना बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी दोघं मिळून जाऊ."

"पुढच्या वर्षीचं ठरलंया आमचं," बाई म्हणाल्या. "मी, चिमणाबाई आणि त्यांच्यातल्या चौघी. नावं दिऊन आलो."

"आणि मी?"

बाईंच्या मनात वाकडं काही नव्हतं.

"तुमी या की सोडायला," त्या म्हणाल्या. "तुमाला सवय हाय."

विजयसिंहांनी दोन्ही बॅगा उचलल्या आणि बोट किती वाजता सुटणार, तेवढं विचारून घेतलं.