चाबी लावाची नाही

आकाश भरून आलं की आमच्या गल्लीतल्या बायका गच्चीवरचे कपडे काढतात आणि गुलाबकाका घरोघरी जाऊन गाड्यांच्या चाब्या गोळा करतात.

आमची गल्ली प्रताप नगरातली, पण खोलगट. वरच्या बाजूचं सगळं पाणी आमच्याकडे येऊन बसायचं. जोराचा पाऊस झाला की दारातल्या गाड्या सीटपर्यंत बुडायच्या. अशा वेळी गुलाबकाका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात चकल्यांचा रिकामा डबा घेऊन बेल वाजवायचे.

"टाक गा चाबी. पाणी उतरल्यावर घेऊन जाजो."

काका शाळेत चित्रकला शिकवायचे. आता सत्तरी ओलांडली आहे. काकू गेल्यापासून घरात एकटेच असतात. स्वतःची गाडी नाही, गाडी चालवताही येत नाही. तरीही बुडालेल्या गाडीबद्दल त्यांचं एक ठाम मत आहे आणि ते गल्लीतल्या लहान पोरांनाही पाठ आहे: "चाबी लावाची नाही."

"माणूस बुडाला तर त्याले बाहेर काढल्याबरोबर पळाले लावता का? नाही ना? मग गाडीले काहून लावता? तिच्या पोटात पाणी हाय. तुम्ही चाबी लावली का आतले दांडे वाकले समजा."

चाबी परत मिळण्याचीही एक रीत होती. काका ती कुणाच्या हाती पाठवत नसत. ज्याची त्याने स्वतः यायचं, आल्याचा जहाल चहा प्यायचा, मग काका त्याच्याबरोबर गाडीपाशी जायचे. बॅटरीची वायर काढून ठेवली होती का, मॅट उन्हात टाकल्या का, हे सगळं विचारून झालं की इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढून उजेडात धरायचे. "तेल चहासारखं दिसलं का समजा पाणी गेलं. मग ढकलत गॅरेजमध्ये न्या." नुकताच त्यांच्याकडचा चहा पिऊन आलेला माणूस ते तेल बघून दिवसभर चहाला शिवत नसे.

एकदा माझा साळा धंतोलीहून मुक्कामाला आला होता. रात्रभर पाऊस झाला. माझी चाबी काकांच्या डब्यात होती, पण दुसरी कपाटात होती. पाणी ओसरल्यावर मी दात घासत असताना साळ्याने ती शोधून काढली. "भाऊजी, पाहू तरी चालू होते का," म्हणाला. गाडीने एकदाच घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज केला आणि गप्प झाली.

मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. इथे तर घरचंच कारण होतं. मी तसाच, तोंडात ब्रश घेऊन काकांकडे गेलो.

"काका, मी नाही लावली. साळ्यानं लावली."

काका बाहेर आले. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता झापतील. ते एवढंच म्हणाले, "होते गा असं. मीही लावली होती एकदा."

मग कळलं. त्यांच्या मुलाने पहिली गाडी घेतली, त्यानंतर तो एकदा कामानिमित्त परगावी गेला होता आणि गाडी काकांवर सोपवून गेला होता. गल्लीत पाणी आलं. ओसरल्यावर 'तुझी गाडी ठीक हाय' असं फोनवर सांगता यावं म्हणून काकांनी फक्त चाबी फिरवली. गाडी भंगारात गेली. "पोरगा काही बोलला नाही. 'जाऊ द्या बाबा' म्हणाला. बोलला असता तं बरं झालं असतं." मुलगा आता बंगलोरला असतो. गाडीचा विषय तो काढत नाही, काकाही काढत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात गल्लीतलं पाणी वाहून जायला मोठी नाली झाली. त्यासाठी महापालिकेत सर्वात जास्त चकरा मीच मारल्या होत्या, सत्कारही माझाच झाला. या वर्षी भादव्यात धो धो पाऊस पडला आणि गल्लीत पाऊल बुडेल एवढंही पाणी साचलं नाही. लोक गॅलरीत उभे राहून कौतुकाने नालीकडे बघत होते. काका सवयीने डबा घेऊन निघाले.

"काका, आता कायची चाबी? नाली झाली ना."

"हो गा. बरं झालं," प्रत्येक दारी ते म्हणाले आणि रिकामा डबा घेऊन परत गेले. माझ्याही दारी आले होते. मीही तेच बोललो.

पुढच्या वेळी ढग आले तेव्हा ते निघालेच नाहीत. ओसरीवर बसले होते, डबा शेजारी होता. पावसाळ्यात त्यांच्या घरी होणारी सगळी ये-जा मी नालीत घालवली, असं मला वाटलं. बायको म्हणाली, "माझा जीव खात बसण्यापेक्षा जा ना त्यांच्याकडे."

मी गेलो. चाबी पुढे केली.

"पाणी कुठी हाय?"

"नाही आहे."

"मग काहून आणली?"

"ढग आहेत ना, काका."

त्यांनी आभाळाकडे बराच वेळ पाहिलं. मग डब्याचं झाकण काढलं. "दुसरी?"

मी खिशातून दुसरीही काढून दिली.

सकाळी चाबी घ्यायला गेलो तर त्यांच्या पायरीवर चपलांचे बरेच जोड होते. बायकोने गल्लीत कुणाकुणाला काय सांगितलं होतं, ते मी विचारलं नाही. आत चहा उकळत होता, आल्याने डोळ्यांत पाणी येत होतं.

चहा झाल्यावर काका माझ्याबरोबर आले. गाडीचं चाकसुद्धा नीट ओलं झालेलं नव्हतं. तरी त्यांनी पट्टी काढली, रुमालाने पुसली, पुन्हा घालून काढली आणि उजेडात धरली.

"साफ हाय," ते म्हणाले. "लाव आता चाबी."

गाडी सुरू झाली. काका बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून ऐकत होते. मी बंद करायला गेलो तर म्हणाले, "राहू दे ना गा थोडा वेळ."