डाकू मरत न्हाई

आमचे मारोतीमामा पिक्चर बघतात ते शेळ्यांसाठी. हिरो कोण, हिरॉईन कोण, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. मागच्या टेकाडावर शेळ्या दिसल्या की मोबाइल थांबवतात आणि त्यातली कोणती गाभण आहे ते सांगतात.

हट्टा गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मामांचा जन्म शेळ्यामेंढ्यांमागे गेला, माझा कचेरीत. वसमतच्या मोबाइलवाल्याने तमाशाचे म्हणून त्यांना जे पिक्चर भरून दिले, त्यात एक ब्राझीलचा निघाला. काटेरी माळ, कातडी टोपीतला एक नामी डाकू, त्याची प्रेमप्रकरणं आणि पोलिसांशी उभा दावा. भाषा कोणालाच कळत नाही, पण मामांना त्याची तकलीफ नाही. "माळ वळखीचा हाय, मंग माणूस काहून वळखायचा न्हाई?" ब्राझील कुठे आलं विचारलं, तर वारंगा फाट्याच्या पल्याड म्हणाले. तसं बघितलं तर हे खोटंही नाही.

रोज संध्याकाळी ते हा पिक्चर गिरजामामींना सांगतात. मामींची नजर जाऊन बरीच वर्षं झाली. ओसरीवर त्यांचा हात धरून मामा बसतात आणि डाकूच्या तोंडी हट्ट्याची भाषा घालतात. पिक्चर मीही बघितला; त्यात डाकूची तीन बायकांशी लफडी आहेत. मामांनी एकच ठेवली. दुसरी आली की ती बहीण, तिसरी आली की मावशी. मावशी जरा जास्तच लाजते, पण इथवर मी गप्प राहिलो.

शेवट ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. खऱ्या पिक्चरमध्ये शेवटी पोलिस घेरतात आणि डाकू नि त्याची बाई, दोघंही मारले जातात. मामांच्या पिक्चरमध्ये ते नदी उतरून निघून जातात. आयुष्यभर मी लोकांच्या अर्जातल्या चुका काढल्या; मला हे सोसेना. एका संध्याकाळी सरळ ओसरीवर जाऊन म्हणालो, मामा, डाकू मरतो, मामींना आज खरं काय ते सांगा.

मामांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. गोळीबार चालू होता आणि मागे शेळ्या होत्या.

"एवढ्या गोळ्या सुटून राहिल्या, अन् शेळ्या बराबर चरून राहिल्या. एकीनं तरी मान वर केली का? शेळी खोटं बोलत न्हाई. गोळ्याच खोट्या हायेत. सरकारनं लिहून दिलं तरी मी मानणार न्हाई. डाकू मरत न्हाई."

आणि तणतणत ते कोकरांना पाणी दाखवायला गेले. मी जिंकल्याच्या तोऱ्यात मामींकडे वळलो.

"बापू, तो मरतो हे मला ठावं हाय," मामी हळूच म्हणाल्या. "गोळ्या वाजल्या की यांचा हात माझ्या हातात थरथरतो. पर यांना वाटतं, हिला अंधारात मरण कशाला सांगायचं. तुमी बोलला ते मी ऐकलंच न्हाई. यांना कळू देऊ नका."

मला माझीच लाज वाटली. तेवढ्यात मामा परतले. त्यांनी मामींच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतका घाबरलेला माणूस मी कधी बघितला नव्हता.

"मंग फुडं काय झालं?" मामींनी विचारलं.

मामांनी खाली बसून त्यांचा हात धरला.

"माझंच चुकलं मामी," मी म्हणालो. "दोघं नदी उतरून पल्याड गेले. मी माझ्या डोळ्यानं बघितलं."