लोटनकाकांचा इंग्रजीचा तास

सकाळी नळाला पाणी यायच्या सुमारास आमच्या पार्किंगमधून आरोळी यायची, “हॅमस्ट्रिंग!” मग जरा शांतता. मग, “मांडीची मागची शीर!” आणि पुन्हा, आधीपेक्षा जोरात, “हॅमस्ट्रिंग!”

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही नाशिकहून सिल्वासाला आलो आणि सामरवरणीतल्या या इमारतीत आमची पहिली सकाळ अशी उजाडली. मला वाटलं, खाली कुणाला तरी लागलंय. गॅलरीतून वाकून पाहिलं, तर एक उंच, हडकुळे गृहस्थ एक टाच कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर ठेवून वाकले होते. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पायात कंपनीचे सेफ्टी शूज. मान वर करून म्हणाले, “नवीन आल्या का? बोला, हॅमस्ट्रिंग!”

मी बोलले. काय करणार?

हे लोटनकाका. अमळनेरकडचे. तरुणपणी इथल्या एका धाग्याच्या कंपनीत फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. एकुलती मुलगी धुळ्याला दिलेली. म्हातारपणी माणसं भजनाला लागतात, शेअर बाजाराला लागतात. काका इंग्रजीला लागले होते. बरं, सगळं इंग्रजी नाही. भाजी, हवामान, पाहुणे यांचं इंग्रजी त्यांना नको होतं. फक्त दोनच खाती: व्यायाम आणि मेंदू.

कोपऱ्यावर एक जिम होती. तिच्या भिंतीवरचे तक्ते वाचायला काका रोज जात. व्यायाम करत नसत, फक्त वाचत. जिमवाल्याने एकदा हटकलं, तर त्यालाच म्हणाले, “मले सांग, कार्डिओ म्हणजे काय?” तो म्हणाला, “ट्रेडमिल.” काका मान हलवत बाहेर आले आणि दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटले, “फी घेतो आणि हृदय माहीत नाही त्याले.”

शब्द नुसता पाठ केलेला त्यांना चालत नसे. शब्दाबरोबर अंग हललं पाहिजे. “बोल के करो, कर के बोलो,” हे त्यांचं वाक्य. कंपनीत नवीन मुलांना मशीन शिकवताना म्हणायचे, तेच. ‘बॅलन्स’ म्हटलं की एका पायावर. ‘शोल्डर’ म्हटलं की दोन्ही खांदे कानापर्यंत वर. ‘ब्रेन’ म्हटलं की कपाळावर दोन टिचक्या. दूधवाल्याकडून त्यांनी ‘स्टॅमिना’ म्हणवून घेतल्याशिवाय पातेलं पुढे केलं नाही. लिफ्टमध्ये भेटले तर तिसरा मजला येईपर्यंत न्यूरॉन समजावून सांगत. “न्यूरॉन म्हणजे धागा. धागे तुटतातच. आपण गाठ मारायची, मशीन बंद पडू द्यायचं नाही. समजलं का, पोरी?”

शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याकडे आले. “बेन, तमे पण मराठी छो ने. जरा समजावो काकाने.” रात्रपाळी करून आलेली माणसं सकाळी झोपतात आणि हॅमस्ट्रिंगने दचकून उठतात, अशी तक्रार होती.

म्हणून मी दुपारी काकांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. हॉलच्या मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या. काकूंना मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि पायात पांढरेशुभ्र बूट. समोर काका उभे.

“शोल्डर!”

काकूंनी खांदे उचलले.

“शाबास. आता, ब्रेन!”

काकूंनी इकडे तिकडे पाहिलं, मग हळूच गुडघ्याला हात लावला. काकांनी त्यांचा हात उचलून कपाळापाशी नेला आणि त्यांच्याच बोटांनी दोन टिचक्या मारल्या.

मी तक्रार सांगायला आले होते, ती तशीच राहिली. काकांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि चहा ठेवता ठेवता खालच्या आवाजात बोलले. काकूंचं विसरणं भाजीत मीठ विसरण्यापासून सुरू झालं. मग भाजीच विसरल्या. मग मुलीचं नाव. वापीच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि पुष्कळ वेळ इंग्रजीत बोलले.

“मी नुसता मान हलवत बसलो. घरी येईपर्यंत मले इतकंच समजलं होतं की हिला चालवा आणि काहीतरी नवीन शिकवा. आता नवीन काय शिकवू? स्वयंपाक येतो, शिवण येतं, जात्यावरची गाणी येतात. जे येतं तेच जाऊ राहिलं. तिला न येणारं एक इंग्लिशच उरलं होतं. मलेही येत नव्हतं. मग म्हटलं, सकाळी मी शिकतो, दुपारी तिला शिकवतो.”

“पण हेच शब्द का, काका?”

“ज्याच्याशी भांडायचं, त्याचं नाव तर माहीत पाहिजे.”

मी न विचारता राहायला हवं होतं, पण विचारलं, की डॉक्टरांनी आजाराचं नाव काय सांगितलं. काकांनी गॅस बंद केला. “तो शब्द आपल्या कोर्समध्ये नाही,” म्हणाले आणि चहा गाळू लागले.

सेक्रेटरींना मी काय ते सांगितलं. त्यानंतर सकाळच्या आरोळीबद्दल कुणी बोललं नाही.

पण शब्द वाढत गेले ते काकांकडेच. काकूंकडे एक आला की दोन जात. ‘बॅलन्स’ गेला, कारण आता एका पायावर उभं राहिलं की तोल जायचा. काका म्हणायचे, “रिव्हिजन चालू आहे.”

एका दुपारी काका औषधं आणायला गेले आणि काकू दार उघडून निघून गेल्या. काकांनी माझी बेल वाजवली तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. आम्ही मंदिर पाहिलं, भाजीबाजार पाहिला, मग रिक्षा करून अथालच्या रस्त्याला लागलो. कंपन्यांची पाळी सुटायची वेळ. ट्रकच्या रांगा, धूळ, डबे हातात घेऊन फाटकातून बाहेर पडणाऱ्या बायांचा लोंढा. काका रिक्षातून उतरून ओरडत होते, “अवं! अवं, ऐकलं का!” दहा बायका वळून बघायच्या आणि पुढे जायच्या.

रिक्षावाला वैतागला. “चाचा, नाम लेके बुलाओ ना!”

काका माझ्याकडे वळले. “कधी नाव घेतलं नाही, पोरी. आमच्यात घेत नाहीत. आणि आता घेतलं तरी तिला कुठे माहीत आहे?”

समोरून एक टँकर धडधडत गेला. धूळ खाली बसायच्या आत काकांनी दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि पार्किंगमध्ये ओरडायचे त्याच्या दुप्पट आवाजात ओरडले, “शोल्डर!”

बाया हसल्या. कुणीतरी शिट्टी मारली.

“शोल्डर! शोल्डर!”

आणि रस्त्याच्या पलीकडे, टायरच्या दुकानापाशी, नऊवारीतल्या एका बाईने दोन्ही खांदे कानापर्यंत उचलले.

काका वाहनं न बघता धावले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते काकूंच्या पायाशी बसून त्यांच्या बुटाची सुटलेली नाडी बांधत होते. काकूंच्या तळहाताला खरचटलं होतं. काका खाली मान घालून पुन्हा पुन्हा म्हणत होते, “शाबास. पहिला नंबर.”

त्यानंतर दाराला वरच्या बाजूला कडी आली आणि दुपारी मीही तिथे जाऊन बसू लागले. तास चालूच राहिला, पण शब्द थोडे आणि शांतताच जास्त. काकू आता काकांना ‘गुरुजी’ म्हणत. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा काका मोठ्याने हसले होते. नंतर त्यांनी दुरुस्त करणं सोडून दिलं.

परवा तास चालू असताना काकू एकदम उठल्या. पदर सारखा केला.

“येते गुरुजी. आमचे हे ड्युटीवरून येतील. भाकरी टाकायची आहे.”

काकांनी विचारलं, “कसे आहेत तुमचे हे?”

मला तिथून उठून जावंसं वाटलं. काकूंनी थोडा विचार केला.

“तापट आहेत,” त्या म्हणाल्या. मग जरा लाजल्या. “पण मी निजलेली असले तर उठवत नाहीत. आपलं आपण वाढून घेतात. भांडं वाजू देत नाहीत.”

काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती. काकू दाराशी जाऊन हात वर करून कडी चाचपू लागल्या. हात पुरेना. तेव्हा काका वळले, घसा साफ केला आणि अगदी गुरुजींच्या आवाजात म्हणाले, “बसा हो. त्यांना आज ओव्हरटाइम आहे. मला निरोप आलाय.”

“असं का?” काकू म्हणाल्या, आणि निर्धास्त होऊन खुर्चीत बसल्या.