जावईबापूंच्या हाती दिलेली काठी

सासऱ्यांनी आपली गळाची काठी जावयाच्या हातात दिली, तेव्हा त्याला वाटलं, नुसती धरायला दिली आहे. म्हणून तो बराच वेळ ती धरून उभाच राहिला.

"अहो, घरी घेऊन जा," सासरे म्हणाले. "रविवारी तळ्यावर जायचंय ना तुम्हाला? बिनधास्त वापरा. फार जपायच्या भानगडीत पडू नका."

जावयाचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. सासुरवाडीत त्याची ख्याती वेगळीच होती. त्याने दार ओढलं की कडी हातात यायची, पंखा लावला की पंखा कायमचा थांबायचा. बाकीच्यांना सरबत काचेच्या पेल्यात मिळे, त्याला स्टीलच्या. बिचारा एका पार्सल कचेरीत कामाला होता आणि खोक्यांवर 'नाजूक वस्तू, जपून हाताळा' असे शिक्के मारायचा. शिक्का मारल्यावर खोकं दुसऱ्याच कुणीतरी उचलायचं अशी साहेबांची सक्त ताकीद होती, पण हे त्याने घरी कधी सांगितलं नव्हतं. अशा माणसाच्या हाती सासऱ्यांनी काठी सोपवली होती. स्वारी तरंगतच घरी आली.

"बघ, बाबांचा माझ्यावर विश्वास बसला," तो बायकोला म्हणाला.

"बाबांची तब्येत बरी आहे ना?" बायकोने काळजीने विचारलं.

काठी दोन तुकड्यांची होती. खालच्या तुकड्याला पितळी तोंड होतं, त्यात वरच्या तुकड्याचं टोक बसवायचं, की झाली लांबलचक काठी. आता वरचा तुकडा निसटून तळ्यात पडला तर सासऱ्यांना तोंड कुठल्या तोंडाने दाखवायचं? म्हणून जावयाने रविवारी तो पिळून पिळून बसवला. मग काठी दगडावर टेकवून वरून अंगाचा भार दिला. सांध्यात थोडी वाळू गेली होती, ती त्याला पकड चांगली बसायला उपयोगीच वाटली. दिवसभरात मासा एकही लागला नाही. संध्याकाळी मात्र काठीचे दोन तुकडे वेगळे करायला गेला, तर ते जागचे हलेनात.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला.

"काय जावईबापू, कशी आहे काठी?"

"मजेत आहे."

"काही झालं तर नाही ना तिला?"

"छे छे! तिला काय होणार?"

"खरंच काही नाही?" सासऱ्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "बरं. आम्ही दोघं येतोच मग तुमच्याकडे, तिला न्यायला."

इतक्या वर्षांनी मिळालेला विश्वास एक संध्याकाळसुद्धा टिकू नये? तो काठी गाडीच्या खिडकीतून बाहेर काढून, वाटेत दोन सायकलवाल्यांच्या शिव्या खाऊन घराशी पोचला. काठी लिफ्टमध्ये मावेना. जिन्याने निघाला, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती वळेना. तिथे दातांचे डॉक्टर राहत. त्यांचं दार उघडं होतं. काठीचं टोक त्या दारातून आत शिरलं आणि पेपर वाचत बसलेल्या डॉक्टरांचा पेपर वरच्या वर घेऊन गेलं.

"माफ करा हं, डॉक्टर," जावई बाहेरून ओरडला. "ही सुटतच नाहीये."

"घट्ट बसलंय?" डॉक्टरांचे डोळे लकाकले. "अहो, उपटण्यात हयात गेली माझी. आणा आत."

त्यांनी काठीला सवयीने "घाबरू नका, दुखणार नाही" असं सांगितलं आणि वरचा तुकडा धरून जोर लावला. खालचा जावयाने धरला होता. काठी तशीच राहिली. डॉक्टर मात्र मोज्यांवरून घसरत जावयाच्या गळ्यात येऊन पडले. आवाज ऐकून मोरीतला नळ दुरुस्त करणारा प्लंबर बाहेर आला.

"गरम करा," तो म्हणाला. "बाहेरचं फुगलं की आतलं सुटतं."

"काहीतरीच! बर्फ लावा," डॉक्टर म्हणाले. "आतलं आकसलं की आपोआप सुटतं."

शास्त्र दोघांचंही बरोबर होतं. पण दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघत भांडत होते, काठीकडे कुणीच बघत नव्हतं. त्यामुळे डॉक्टरांनी बर्फ बाहेरच्या पितळेवर धरला आणि प्लंबरने उकळत्या पाण्यातला पंचा आतल्या तुकड्यावर गुंडाळला. आतलं फुगलं, बाहेरचं आकसलं. आधी काठी नुसती अडकली होती, आता ती जन्मतःच अखंड असल्यासारखी दिसू लागली.

"माणसं कमी पडतायत," प्लंबर म्हणाला.

माणसं मिळायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी जिन्यात वरून काठी धरली, खालच्या मजल्यांवरच्यांनी खालून. पहिले दोन हिसके काठीसाठी होते. मग कुणीतरी "खालच्यांना पाणी नीट येतं म्हणून जोर आहे त्यांच्यात!" असं ओरडलं आणि काठी बाजूलाच राहिली. शेवटी वरच्यांनी खालच्यांना काठीसकट अख्खा एक मजला वर ओढून नेलं आणि टाळ्या वाजवल्या. खालच्यांनी उद्या पुन्हा खेळू म्हणून बजावलं. सांधा होता तिथेच होता, पण काठी निदान जावयाच्या दारापर्यंत आपसूक पोचली होती.

बायकोने दार उघडलं. एका टोकाला घामाघूम नवरा, दुसऱ्या टोकाला डॉक्टर. तिने कपाळावर हात मारला.

"अहो, घामाने हात निसटतायत तुमचे. हे घाला," म्हणत तिने भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे आणून दिले. "पिळू नका, सरळ ओढा. आणि हातांनी नको. खाली वाका, काठी गुडघ्यांच्या मागे घ्या, तिच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट धरा आणि गुडघे फाकवून हात बाहेर ढकला."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"डोकं वापरलं. वाका आता!"

जावई वाकला. पिवळे मोजे, गुडघ्यांमागे काठी, चेहरा लालबुंद. गुडघे फाकता फाकेनात. इतक्यात दारावरची घंटा वाजली.

"जावईबापू!" बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला.

जावई असा दचकला की दोन गुडघे दोन दिशांना गेले. टप्प! तो दाणकन खाली बसला. दोन्ही हातांत एकेक तुकडा होता, दोन्ही धडधाकट. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सांध्यातली वाळू पुसली, खिशातून कवळीच्या साच्याचं मेण काढलं आणि आतल्या टोकाला चोळलं. "आता नुसती सरळ बसवा, सरळ काढा. पुन्हा आयुष्यात अडकायची नाही," असं सांगून ते मागच्या दाराने गेले.

सासरे आत आले ते थेट काठीकडेच. त्यांनी तुकडे जोडले, सोडवले, पुन्हा जोडले, डोळ्यांजवळ नेऊन पाहिले.

"बघा!" सासूबाई म्हणाल्या. "मी म्हणत नव्हते, काठी चांगली आहे म्हणून? नव्यापेक्षा गुळगुळीत चालतेय. अजून पंचवीस वर्षं बघायला नको. आणि आपण उगीच जावयांना नावं ठेवतो. अगं, ह्यांना सरबत काचेच्या पेल्यात दे हो!"

जावयाला भरून आलं. सासरे मात्र त्याला दंडाला धरून बाहेर गॅलरीत घेऊन गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

"दोन वर्षं झाली," ते दबक्या आवाजात म्हणाले, "दुकानात एक नवी काठी बघून ठेवलीय मी. पण तुमच्या सासूबाईंचा नियम माहीत आहे ना? जुनी मोडल्याशिवाय नवी नाही. माझ्या हातून तर ती मोडेना. म्हणून तुम्हाला दिली."

"म्हणजे... मोडायला?"

"मग काय मासे धरायला? ज्या माणसाने आमच्या घरची लोखंडी खुर्ची मोडली, त्याला एक काठी मोडता येऊ नये?" सासरे कळवळले. "लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा तुमच्यावर विश्वास टाकला होता हो मी!"

जावई ओशाळला. आतून काचेच्या पेल्यांची किणकिण ऐकू येत होती. तो हळूच म्हणाला, "बाबा, पुढच्या रविवारी परत नेऊ का?"

सासऱ्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पिवळे हातमोजे अजून त्याच्या हातातच होते.

"नको," ते म्हणाले. "आता तुमचा भरवसा राहिला नाही."